पुढची दोन चाकं

त्या दिवशी गाडी माझी बायको चालवत होती, पण ती घसरली माझ्यामुळे. हे मला अपघाताच्या जागी, गाडी खड्ड्यात टेकली त्या क्षणीच कळलं होतं. तरी मी सात वर्षं गप्प राहिलो. नुसता गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी दोष तिच्यावर जाऊ दिला, आणि जाताना त्याला थोडा हातही लावला.

क्राइस्टचर्चच्या भूकंपानंतरचा दुसरा हिवाळा होता. मी बांधकामाच्या डिझाइनमधला इंजिनिअर. पडलेलं शहर पुन्हा उभं करायचं होतं, त्यामुळे मला काम भरपूर होतं. बायको नर्स होती. हॉस्पिटलमधली नाही, घरोघरी जाणारी. एकटे राहणारे म्हातारे, पायाच्या न भरणाऱ्या जखमा, इन्सुलिनची इंजेक्शनं. दिवसभर तिची गाडी हॉर्नबी उपनगरापासून पार शहराबाहेरच्या शेतांपर्यंत फिरायची. तिला ते काम फार आवडायचं. कुणाचं मांजर कसं आहे, कुणी तिला झाडावरची लिंबं दिली, हे सगळं ती रात्री जेवताना सांगायची. गाडी ती माझ्यापेक्षा चांगली चालवायची. हे मी तेव्हाही मान्य करायचो, पण हसत हसत, म्हणजे तितकंसं मान्य न करता.

भूकंपामुळे बरीच माणसं शहर सोडून चालली होती. आमचा एक पुण्याचा मित्र कुटुंबासह ब्रिस्बेनला निघाला. आम्हा मराठी लोकांत रीतच होती, की जाणाऱ्याने घर रिकामं करताना मागे राहणाऱ्यांना वस्तू वाटून टाकायच्या. आमच्या वाट्याला एक हीटर, मोठा कुकर, पोळपाट आणि चार चाकं आली. त्याची आणि आमची गाडी एकाच मॉडेलची होती, जपानहून आलेली जुनी. बर्फातले खास टायर चढवलेली ही चाकं तो हिवाळ्यात लावायचा. गॅरेजमध्ये त्याने ती मला दाखवली. दोन टायर चांगले होते, उरलेल्या दोन्हींना कडेने भेगा पडल्या होत्या.

"हे दोन फेकून दे," तो म्हणाला. "आणि अजून दोन मिळाले तरच लाव. नुसते दोन लावू नकोस."

"का? पुढे लावतो की. फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे. इंजिनाची ताकद पुढे, स्टिअरिंग पुढे, मग पकड पण पुढेच हवी."

"अरे, मागचं ढुंगण बाहेर येतं मग. तू सिव्हिलवाला ना? तू भिंती सांभाळ, गाडीतलं मला शिकवू नकोस."

आम्ही दोघंही हसलो. तो मेकॅनिकलचा होता. कॉलेजपासून चालत आलेली ही चेष्टा होती, आणि चेष्टेतली म्हणूनच मी ती सोडून दिली. तो विमानात बसला, त्यानंतरच्या शनिवारी मी ड्राइव्हवेमध्ये जॅक लावून पुढची दोन चाकं बदलली. मागे उन्हाळ्यातले नेहमीचे टायर, तेही बऱ्यापैकी गुळगुळीत झालेले, तसेच राहिले. गाडीची सरकारी तपासणी नुकतीच झाली होती, म्हणून पुढचे काही महिने त्या चाकांकडे कुणी बघणार नव्हतं. बायकोने खिडकीतून विचारलं, "झालं का रे?" मी म्हटलं, "झालं. आता कुठेही ने."

सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. भूकंपाच्या बातम्या ऐकून त्यांना मिरजेत झोप लागत नव्हती. एकदा डोळ्यांनी मुलीला बघून येते, म्हणून त्या एकट्या एवढा प्रवास करून आल्या. आल्यावर मात्र त्यांना भूकंपापेक्षा मुलीच्या गाडीचंच जास्त कौतुक. फोनवर सगळ्यांना सांगायच्या, "आमची बाई एकटी गाडी घेऊन कुठच्या कुठे पेशंटकडे जाते. मी शेजारी बसून बघितलंय."

आई-वडील हिवाळ्यात आले, की त्यांना बर्फ दाखवायला न्यायचं, हाही आमच्यातला एक रिवाज. एका रविवारी आम्ही चौघं निघालो. पुढे मी आणि बायको, मागे सासूबाई आणि नऊ वर्षांची मुलगी. पश्चिमेकडे, पोर्टर्स पास नावाच्या खिंडीच्या पलीकडे. जाताना मीच गाडी चालवली. ऊन होतं, रस्ता कोरडा होता, बर्फ फक्त दोन्ही बाजूंच्या उतारांवर. थांबायच्या जागी जमिनीवर थोडा घट्ट बर्फ होता, तिथे पुढची चाकं कशी छान धरतात हे मी सगळ्यांना दाखवलंसुद्धा.

सासूबाईंनी साडीवर बायकोचं जॅकेट, पायात स्पोर्ट शूज आणि डोक्यावर नातीची लोकरीची टोपी घातली होती. त्यांनी मूठभर बर्फ उचलून जिभेला लावला.

"आई, खाऊ नकोस! मेंढ्या फिरतात इथे."

"मिरजेच्या गोळेवाल्याकडे काय सोवळ्यातला बर्फ असतो?" त्या म्हणाल्या. "काळा खट्टा तेवढा आणायला हवा होता."

"आजी, यू आर सो फनी," मुलगी म्हणाली, आणि तिने आजीच्या पाठीवर बर्फाचा गोळा मारला.

दुपारनंतर दक्षिणेकडून ढग आले. तिथे असंच होतं, वारा फिरला की तासाभरात हवा बदलते. बर्फावरच्या लखलखाटाने माझं डोकं दुखायला लागलं होतं, म्हणून परतीला बायको स्टिअरिंगवर बसली. खिंडीच्या माथ्यावर येईपर्यंत बर्फ पडायला लागला. चाकं घसरू नयेत म्हणून रस्त्यावर खडी टाकणारी गाडी अजून आली नव्हती. कडेला दोन-तीन गाड्या थांबल्या होत्या आणि माणसं गुडघे टेकून चाकांना साखळ्या बांधत होती.

बायकोने वेग कमी केला. "आपल्याकडे चेन्स नाहीत ना?"

"आपल्याला लागत नाहीत. आपले टायर बर्फाचे आहेत."

"नक्की?"

"नक्की."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. न ठेवायला तिच्याकडे काही कारण नव्हतं. स्टिअरिंग तिच्या हाताला भक्कम लागत होतं, कारण पुढची चाकं खरंच धरत होती. मागची धरत नाहीत हे गाडी सरळ जाते तोवर कळत नाही. उताराच्या एका वळणावर तिने ब्रेकवर पाय टेकवला. टेकवलाच, दाबला नाही. मी शेजारी होतो, मला माहीत आहे. मागून कुणीतरी गाडीचं शेपूट धरून ओढावं तशी गाडी फिरली. समोर रस्ता होता तिथे डोंगर आला, मग नुसतं पांढरं, आणि आम्ही उलटे जात रस्त्याच्या खाली गेलो. कुंपणाचा लाकडी खांब मागच्या दारावर बसला. त्या बाजूला सासूबाई होत्या.

मुलगी रडत होती, पण तिला काही लागलं नव्हतं. बायको दोन सीटांमधून मागे गेली. तिचा आवाज एकदम कामावरचा झाला. "आई, हलायचं नाही. माझ्याकडे बघ. पायाची बोटं हलव. हं. दुसऱ्या पायाची." दुसऱ्या पायाला हात लागताच सासूबाई ओरडल्या. मग धापा टाकत त्यांनी विचारलं, "काय झालं गं?"

"मी ब्रेक लावला, आई. माझा पाय पडला ब्रेकवर."

त्या वेळी मला दोन चाकं दिसत होती. म्हणजे डोळ्यांसमोर नव्हती, गाडीखाली होती, पण मला ती दिसत होती, गॅरेजमधल्या मित्रासकट. तेव्हा मी म्हणालो, "मी नेहमी सांगतो तुला, घाटात ब्रेकला पाय लावायचा नाही."

असं मी कधी म्हटलेलं नव्हतं. उलट तीच मला सांगायची. पण वाक्य तोंडातून निघालं, आणि ते ऐकायला गाडीत तिघीजणी होत्या.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, वॉकर आला. सासूबाई चालू लागल्या, पण पहिल्यासारख्या नाहीत. जाताना त्यांना विमानतळावर व्हीलचेअरवरून नेलं. मिरजेला गेल्यावर त्यांचं देवळात जाणं, भाजीला जाणं संपलं. लेकीला त्या कधी रागावल्या नाहीत. फक्त प्रत्येक फोनच्या शेवटी विचारायच्या, "गाडी नाही ना गं चालवत आता?"

"नाही, आई."

आणि ती खरंच चालवत नव्हती. आधी काही आठवडे तिने प्रयत्न केला. आम्ही दुसरी गाडी घेतली. ती सकाळी तिच्यात बसायची, इंजिन चालू करायची, आणि थोड्या वेळाने बंद करून घरात यायची. एक दिवस तिने किल्ली माझ्या हातात दिली. "तू चालव. मला माझाच भरवसा नाही." घरोघरी जायचं काम गाडीशिवाय होत नाही. तिने ते सोडलं आणि हॉस्पिटलच्या वॉर्डात शिफ्ट घेतल्या. ती बसने जायची. जेवताना मांजरांच्या आणि लिंबांच्या गोष्टी बंद झाल्या. वॉर्डात काय झालं, हे ती विचारल्याशिवाय सांगत नसे.

मी तिला सगळीकडे सोडायचो. वाणसामान, हळदीकुंकू, गणपतीच्या मीटिंगा. लोक म्हणायचे, किती करतो हा बायकोसाठी. आणि लिहायला लाज वाटते, पण लिहितो, मला ते थोडंसं आवडायचं.

सांगायची संधी नव्हती असं नाही. मोडकी गाडी ज्या यार्डात नेली होती, तिथे मी आमचं सामान आणायला एकटा गेलो. पुढच्या चाकांवर खोल खोल खाचा, मागची गुळगुळीत. बघितलं की कुणालाही कळलं असतं. त्या संध्याकाळी सांगायचं असं मी ठरवलं होतं. घरी आलो तर बायको हॉस्पिटलमधून आईचे कपडे धुवायला घेऊन आली होती आणि मशीनपाशी उभी राहून रडत होती. मी म्हटलं, आज नको. मग रोज तसंच. जसजसे दिवस गेले, तसतसा सांगायच्या गोष्टीत आणखी एक गुन्हा वाढत गेला, की इतके दिवस का नाही सांगितलंस.

सासूबाई गेल्या तेव्हा बायको एकटीच मिरजेला गेली. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "शेवटपर्यंत कुशीवर वळता यायचं नाही तिला." मी तिच्या बॅगा गाडीत ठेवल्या.

दुसऱ्या वर्षी मुलगी सोळा वर्षांची झाली आणि तिला शिकाऊ लायसन्स मिळालं. रविवारी मी तिला एका मोकळ्या पार्किंगमध्ये शिकवायला नेऊ लागलो. एकदा तिने कचकन ब्रेक दाबला. माझ्या तोंडून गेलं, "असं नाही. आईने असाच दाबला होता."

किती सहज गेलं ते. इतक्या वर्षांत मी ते स्वतःच खरं मानायला लागलो होतो की काय, कोण जाणे.

त्याच दुपारी जेवणं झाल्यावर बायको युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मुलगी तिला म्हणाली, "आई, कॅन यू टेक मी नेक्स्ट टाइम? बाबा गेट्स सो स्ट्रेस्ड."

"नको गं. बाबांकडूनच शीक. मी कशी चालवते तुला माहितीये ना."

"इट्स ओके, यू जस्ट पॅनिक्ड. बाबांनी सांगितलं मला. आय वोंट ब्रेक लाइक दॅट."

बायकोने मान हलवली, हो म्हणून, आणि कॉलर उलटी करून इस्त्री फिरवत राहिली. मुलगी आपल्या खोलीत गेली. ते मान हलवणं मला बघवलं नाही. मी तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चाकं, मित्र, भेगा, यार्ड. तिने मध्येच इस्त्री बंद केली.

"त्याने तुला सांगितलं होतं? दोन लावू नकोस म्हणून?"

"हो."

"आणि मी विचारलं तुला. नक्की, म्हणून."

"हो."

ती खुर्चीत बसली. "मी रोज तो ब्रेक लावून बघते रे," ती म्हणाली. "मनातल्या मनात. बसमध्ये बसले की. किती जोरात दाबला असेल मी? हळू दाबला असता तर? रोज." मग ती खिडकीकडे वळली. "आई तशीच गेली. तिला वाटत राहिलं की आपल्या मुलीने..."

मी तिच्याजवळ गेलो तर तिने हात वर केला. "मला एकटीला सांगून मोकळा होऊ नकोस. तू ते सगळ्यांसमोर म्हणाला होतास. आता त्यातली एक राहिलीये. तिला बोलाव."

मी मुलीला हाक मारली. ती कानातले हेडफोन काढत आली आणि आमचे चेहरे बघून दारातच थांबली. "व्हॉट हॅपन्ड?"

इंग्रजीत बोलणं मला सोपं गेलं असतं. तिच्या आईला मात्र ते मराठीतच ऐकायचं असणार, म्हणून मी सावकाश, एकेक वाक्य तिला समजेल असं बोललो.

"आजीला अपघातात लागलं, त्यात आईची काही चूक नव्हती. ती नीट चालवत होती, माझ्यापेक्षा चांगली. टायर मी चुकीचे लावले होते, आणि ते चुकीचे आहेत हे मला आधीच सांगितलेलं होतं. मी घाबरलो आणि आईचं नाव पुढे केलं. आज सकाळी तुझ्याशीही खोटं बोललो." मग मी बायकोकडे वळलो. "तुझं काम गेलं, तुझी गाडी गेली, आणि तुझ्या आईसमोर तू गुन्हेगार झालीस. हे मी केलं. माझी चूक झाली. मला माफ कर."