बाळादादांचं मुकं बटण

बाळादादा गेले आणि आमची पंचाईत झाली. जमतो रडायला, आणि कोणीतरी "अरे, ते आठवतंय का?" म्हणतो की सगळे खो खो हसत सुटतात! दादांच्या बेंजो पार्टीत मी ढोलकीवर. इतक्या वरातींचे किस्से साचलेत, की एक सांगायला घेतला तर मागचे धक्के मारतात.

*

बेंजोला वायर जोडून तो भोंग्यावर ऐकवणारे कल्याणातले पहिले आमचे दादा. त्याआधी ताशापुढे बेंजो ऐकू कोणाला येणार? दादांनी घरीच माईक बसवला, भोंगा हातगाडीवर बांधला. बॅटरी? ती मेव्हण्याच्या रिक्षातून काढली, न विचारता!

वरातीत सगळ्यात पुढे मेव्हणाच नाचत होता. "दाजी, काय आवाज आहे!" म्हणून त्याने दादांना मिठी मारली. सकाळी बिचारा हात जोडून हजर. "रिक्षा चालू होत नाही हो, जरा धक्का द्या."

आम्ही दिला. दादांनीपण दिला!

*

त्या पहिल्या बेंजोचं एक बटण मुकं होतं. वरातीच्या एका जुन्या चालीत नेमका तोच सूर यायचा. तिथे दादा बोट उचलायचे, आम्ही सगळे थांबायचो आणि मग धाडकन उचल! त्या रिकाम्या जागेत लोक उडी मारायला लागले.

पुढे नवा बेंजो आला. म्हटलं, "दादा, आता वाजवा की तो सूर!"

"गप रे. लोकांनी उड्या मारायच्या कुठे?"

*

ठाण्याला टेंभी नाक्यावर एकदा बाजूलाच डीजेची भिंत उभी. दादा हातगाडीवर बसून निवांत वडापाव खात होते. आम्ही अस्वस्थ. "दादा, वाजवायचं नाही का?"

"त्याला गाणं बदलायला लागेलच ना!"

डीजेने गाणं बदलायला घेतलं, दादांनी चाल टाकली आणि गर्दी आमच्याकडे वळली. वडापाव मात्र अर्धाच राहिला, त्याची हळहळ दादांना घरी येईपर्यंत होती.

*

वहिनी, म्हणजे दादांच्या मिसेस, कधीच वरातीला आल्या नाहीत. लग्नसराईत आमच्या मोहन्यात एका संध्याकाळी दोन-तीन पार्ट्या वाजायच्या. पण ती उडीची जागा कानावर आली की वहिनी गॅस पेटवायच्या. आम्ही दारात, चहा तयार!

*

सचिन डोंबिवलीचा, दिवसा बँकेत. क्लास लावून कीबोर्ड शिकलेला. पार्टीत बेंजो शिकायला आला तो कागद घेऊनच. "दादा, तुमच्या चाली नोटेशनमध्ये लिहून ठेवू?"

"ठेव की. वरातीला येताना मात्र कागद घरी ठेव आणि घाम पुसायला रुमाल आण."

*

दादा गेले तेव्हा त्यांनी शब्द दिलेली एक वरात बाकी होती, मोहन्यातच. नवरदेवाचे काका स्पष्ट बोलले, "जमत नसेल तर सांगा, डीजेवाला तयार आहे." ही हातची गेली की पार्टी संपली, हे आम्हाला कळत होतं. भीत भीत वहिनींकडे गेलो.

"ह्यांनी शब्द दिलाय ना? मग मला काय विचारता?"

बेंजोवर सचिन. कागदावर त्याने तो मुका सूरही भरून ठेवला होता. घाबरून त्याने चाल वाजवली ती कागदावरची, अख्खी, एकही सूर न गाळता. लोकांनी सवयीने उडी मारली आणि चाल थांबलीच नाही! सगळे एकमेकांच्या पायांवर उतरले. वरात जागच्या जागी उभी. नवरदेवाची आजी कडाडली, "चुकतोस रे! नीट वाजव ना!"

काकांनी फोन बाहेर काढला.

"सचिन, कागद विसर," मी म्हटलं.

पुन्हा सुरुवात. ती जागा आली. सचिनने बोट उचललं. आम्ही सगळे गप्प. मग धाडकन! अख्खी गल्ली एकदम उडाली. काकांनी फोन खिशात टाकला आणि तेही घुसले नाचायला. माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, दादा गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला.

वरात पोचवून वहिनींकडे गेलो. ओट्यावर ग्लास मांडलेले.

"वहिनी, आम्ही येणार हे कसं कळलं?"

"पहिल्यांदा वाजलं तेव्हा म्हटलं, दुसरी कुठली पार्टी असेल," वहिनी चहा गाळत म्हणाल्या.

"मग?"

"मग काय! गॅस पेटवला."