दोन महिने आजीकडे

माझा मुलगा आता बेसबॉल खेळत नाही. सोळा वर्षांचा आहे, शाळेत जातो, जेवतो, खोलीत असतो. कुणी विचारलं तर मी सांगते, अभ्यास वाढलाय. ते खरं नाही. त्याचा खेळ मी घालवला, आणि तोही त्याच्यासाठी जिवाचं रान करून.

आम्ही मूळचे वसईचे, राहायला इकडे परदेशात, एटोबिकोत. मी विमानात जाणाऱ्या जेवणाचे ट्रे भरते, नवरा ट्रक चालवतो. आमच्या घरात कुणी बॅट धरली असेल तर ती क्रिकेटची. पण पोरगा नऊ वर्षांचा असताना शाळेच्या मैदानावर कुणीतरी त्याच्या तोंडावर जाळी बांधली, फलंदाजाच्या मागे उकिडवं बसवलं, आणि हा जो तिथे बसला तो उठायलाच तयार नाही. कॅचर म्हणतात त्याला. आपला विकेटकीपरच, फक्त चेंडू पकडला की उठून लांबच्या बेसवर सुसाट फेकायचाही असतो.

इथे हा खेळ खेळतात उन्हाळ्यात, पण त्यासाठी घासायचं हिवाळ्यात. बाहेर बर्फ पडत असतो आणि पोरं मोठ्या शेडमध्ये जाळ्या लावून प्रॅक्टिस करतात. चौदाव्या वर्षी तो एका चांगल्या टीमच्या यादीत आला. कोचने ईमेल पाठवला की जागा अजून पक्की नाही, शेवटची यादी मार्चमध्ये लावीन, तोवर हिवाळ्याची प्रॅक्टिस घ्या. तिची फी वाचून नवऱ्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"एवढ्यात वसईला लग्न उरकतं," तो म्हणाला. "जेवणासकट."

कामावर माझ्या शेजारी डॉमिनिकन रिपब्लिकची एक बाई उभी असायची. तिचा भाऊ तिकडे गावात पोरांना बेसबॉल शिकवतो. राहणं-जेवण त्याच्याच घरी. विमानाचं तिकीट धरूनही दोन महिन्यांचा खर्च इथल्या शेडपेक्षा कमी. मी तिथेच, ट्रे भरता भरता रडले.

कोचच्या ईमेलच्या शेवटी एक ओळ होती. दुसरीकडे कुठे ट्रेनिंग घेणार असाल तर हरकत नाही, फक्त मला कळवा, जागा राखून ठेवीन. ती ओळ मी वाचली होती. नव्हती वाचली असं म्हणायची सोय नाही.

पण आमच्यात काम होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नाहीत. स्थळ बघायला जायचं असो, व्हिसाचा अर्ज असो, नाहीतर दिवस गेलेले असोत, पक्कं झाल्याशिवाय शेजारणीलाही पत्ता लागू द्यायचा नाही. दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारी मी, पण पोराची दृष्ट काढते ती मीठ-मिरच्यांनीच. टीममधल्या बाकीच्या आयांना कळलं आणि कुणाची नजर लागली तर? शिवाय लाज होती. आम्हाला इथलं परवडत नाही म्हणून स्वस्तातलं शोधत फिरतो, हे त्या कोचला कशाला कळायला हवं? मी त्याला आणि शाळेला एकच कळवलं: वसईला आजी सिरियस आहे, मुलगा दोन महिने तिकडे राहील.

आजी बिचारी ठणठणीत होती.

"कोणाला बोलायचं नाय हां," मी पोराला बजावलं. "फोटो पोस्ट करायचे नाय. टीम फिक्स झाली की मग सगळ्यांना सांगू."

"ओके, मम्मी."

पहिला आठवडा मी त्या भावाच्या गावात त्याच्यासोबत राहिले. मैदान म्हणजे तांबडी माती आणि एका कडेला चरणाऱ्या बकऱ्या. उजाडल्यापासून पोरं हजर. पाण्याच्या मोठ्या बाटल्यांची झाकणं एक फेकायचा आणि दुसरा झाडूच्या दांड्याने ती मारायचा. इतकी छोटी वस्तू लागली की चेंडू सोपा वाटतो म्हणे. त्या पोरांना गावाबाहेर पडायला दुसरा रस्ता नव्हता. मी मास्तरला, म्हणजे त्या बाईच्या भावाला, विचारलं, यातले पुढे किती जातात? तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, बहुतेक जण मोटरसायकलवर सवाऱ्या नेतात. तरी मनात आलंच, आपल्याला निदान परतीचं तिकीट आहे.

मार्चमध्ये तो परतला तो काळाठिक्कर होऊन आणि बोटभर उंच होऊन. शेडमध्ये निवडीच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना बोलावलं होतं. मी बाकावर बसून बघत होते. याने चेंडू पकडून जो फेकला, तेव्हा फोनमध्ये डोकं घातलेले दोन बाप मान वर करून बघायला लागले. माझा ऊर भरून आला. आता सगळ्यांना सांगायचं, असं ठरवून मी गाडी गरम करायला बाहेर गेले.

अर्ध्या तासाने तो बॅग ओढत आला. "आय डिडन्ट मेक इट."

मी तशीच आत गेले. कोच जाळ्या गुंडाळत होता. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, हात छान आहे त्याचा, पण ज्याने दोन महिने ग्लव्ह घातलेला नाही, त्याला या वेगाच्या चेंडूंपुढे मी बसवू शकत नाही. जागा दुसऱ्या मुलाला दिली, यादी पाठवून झाली. तेव्हा मी सगळं ओकले. मैदान, मास्तर, झाकणं, सगळं. तो काम थांबवून ऐकत राहिला.

"मी त्याला दोनदा विचारलं," तो शेवटी म्हणाला. "मधे कुठे खेळलास का म्हणून. तो म्हणाला, नाही, आजीजवळ बसून होतो." पुढे म्हणाला, तुम्ही एक ईमेल टाकला असता तरी पुरे होतं. मग तो उरलेल्या जाळ्या गुंडाळायला लागला.

गाडीत येऊन मी पोरावरच ओरडले. "सांगितलं का नाहीस? तो समोर विचारतोय, तुला अक्कल नाय?" आपली चूक त्याच्या माथी मारताना माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, याची मला आजही चीड येते.

तो काचेतून बाहेर बघत होता. "ही आस्क्ड अबाउट आजी फर्स्ट," तो म्हणाला. "ही वॉज रिअली नाइस अबाउट इट. आय डिडन्ट वॉन्ट हिम टू नो यू लाइड."

मग त्याने सीटबेल्ट लावला आणि मी लावायची वाट बघत बसला.