म्हशीवर चाललेलं साप्ताहिक

तोट्यात चालणारी वर्तमानपत्रं जगात पुष्कळ असतील, पण तोट्यामुळे वजन वाढलेले संपादक एकच, आणि ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. भोरमध्ये काका एक साप्ताहिक चालवत. जाहिराती भरपूर यायच्या, फक्त पैसे येत नसत. कुणी तांदूळ पाठवी, कुणी कोंबडी. सारोळ्याच्या ढाबेवाल्यानं पाव पानाची जाहिरात दिली, तेव्हा काका आठवडाभर तिथं मिसळ खाऊन वसुली करत होते. दातांच्या डॉक्टरांकडचे जाहिरातीचे पैसे बुडीत जायला लागले, तशी काकांनी त्यांच्याकडून स्वतःची एक धडधाकट दाढ उपटून घेतली. ‘‘धंद्यात येणं सोडायचं नसतं,’’ असं ते सुजलेल्या गालानं मला म्हणाले होते. पुण्याचा छापखानेवाला मात्र मिसळ घेत नसे, त्याला रोकडच लागे.

मग मार्गासनीकडच्या एका कंत्राटदारानं वर्षभराच्या जाहिरातींपोटी दुभती म्हैसच दारात आणून बांधली. मावशीनं डेअरीला दूध घालायला सुरुवात केली आणि साप्ताहिक पहिल्यांदाच फायद्यात आलं. अंक वेळेवर निघू लागला. काका म्हशीला ‘‘आमच्या व्यवस्थापक’’ म्हणत आणि अग्रलेख गोठ्यातच बसून लिहीत.

त्या पावसाळ्यात याच कंत्राटदारानं नुकताच बांधलेला ओढ्यावरचा पूल वाहून गेला. पलीकडच्या वाडीतल्या बायका कमरेइतक्या पाण्यातून वाट काढत काकांच्या दारी आल्या. ‘‘आमचं छापा, काका. तुमच्याबिगर कोन छापनार?’’

संध्याकाळी कंत्राटदाराचा फोन आला. ‘‘काका, म्हस कशी हाय?’’

‘‘मजेत आहे.’’

‘‘दूध देती न्हवं? मग पुलाचं कशाला काढताय?’’

मावशी म्हणाली, ‘‘बातमी आतल्या पानावर बारीक द्या ना.’’ काकांनी पहिल्याच पानावर ठळक दिली. अंक निघाला त्या दिवशी म्हैस टेम्पोत चढवून आम्ही दोघं मार्गासनीला निघालो. मावशी डोळे पुसत दारात उभी होती.

‘‘म्हस आनली, पन प्यायलेल्या दुधाचं काय?’’ कंत्राटदारानं विचारलं.

‘‘वाढदिवसाच्या जाहिरातीत तुमच्या टकलावर केस छापले होते,’’ काका म्हणाले. ‘‘ते मी परत मागितलेत का?’’

कंत्राटदाराचा हात आपोआप डोक्यावर गेला.

त्यानंतर थोडेच अंक निघाले. जाहिराती कमी होत गेल्या, कागद महागला आणि एके दिवशी छापखानेवाल्यानं फोन उचलणं बंद केलं. मध्यंतरी आम्ही वेल्ह्याला निघालो होतो. वाटेत काकांनी गाडी थांबवायला लावली. त्याच ओढ्यावर नवा, भक्कम पूल झाला होता. काका पलीकडे चालत गेले, कठड्यावर हात फिरवत परत आले. वाडीतल्या पोरी सायकली दामटत त्यांच्या शेजारून गेल्या. काकांना कुणी ओळखलं नाही.

‘‘चांगला झालाय,’’ काका म्हणाले. खिशातून पेन काढून त्यांनी क्षणभर हातात धरलं. ‘‘हे छापायला हवं होतं रे.’’