पेरूच्या झाडावरची सीडी

आगाशीतल्या माझ्या दुकानात मी सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचो. वटारचे एक बागायतदार सीडी घेऊन आले. पुतणीच्या लग्नात त्यांच्या बायकोने गायलेली गाणी होती. आणि आणली कुठून? थेट पेरूच्या झाडावरून! पाखरं हाकलायला टांगली होती.

"मग, पळाली का पाखरं?" मी मुद्दाम विचारलं.

"हळू बोला, ती बाहेर हाय," टोपी चुरगाळत ते पुटपुटले.

ओरखड्यांवर अडखळत सॉफ्टवेअरने कसंबसं एक गाणं उतरवलं. ते लावताच त्यांचे हात थांबले.

"एवढं गोड गायची?"

"अजून गाते की," दारातून बाई म्हणाल्या. "रोज. तुमच्याच विहिरीवर, पानी काढताना."

बागायतदारांनी मान इतकी खाली घातली, की मीच उगाच स्क्रीन पुसत बसलो.