मस्टची वही

"हे असंच असतं, यावर प्रश्न नाही," असं एखाद्या ज्येष्ठानं सांगितलं की समजावं, आता किस्से साठणार. माझ्याकडे सहा महिन्यांत ढीग झाला.

स्टील प्लांटच्या टाउनशिपमध्ये, सेक्टर ६ मधल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी बायकांना इंग्रजी बोलायला शिकवते. अकरा जणी येतात. मंडळाचे अध्यक्ष वानखेडे काका प्लांटमधून मोठे साहेब म्हणून रिटायर झाले, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नियम दिला. "मोठ्यांशी बोलताना कॅन नाही, मे म्हणायचं. हा प्रश्न विचारायचा विषय नाही."

"कावून?" मागच्या रांगेतून आवाज आला.

त्या लताकाकू. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून स्कूटीवर येतात. वय शेहेचाळीस. दुर्गच्या एका नर्सरी शाळेत मदतनीस बाईंची जागा निघणार होती आणि शाळेला इंग्रजीचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. बाकीच्या जणी हौसेनं आल्या होत्या, लताकाकू आयुष्यातली पहिली नोकरी मिळवायला आल्या होत्या.

काकांनी 'कावून'चं, म्हणजे 'का'चं, उत्तर दिलं नाही. त्याऐवजी त्यांनी सगळ्यांना हॉलबाहेर काढलं. एकेकीनं दारात उभं राहून 'मे आय कम इन, सर' म्हणायचं आणि मग आत यायचं. पन्नाशीच्या बायका चपलांच्या ढिगाशेजारी रांगेत. काका एकटे आत, खुर्चीवर.

लताकाकूंचा नंबर आला. त्या म्हणाल्या, "साहेब, मी तं आतमंधीच बसून होती. तुमीच बाहेर काढलं."

* * *

आमच्या टाउनशिपमध्ये क्वार्टर नोकरीतल्या ग्रेडप्रमाणे मिळतं. वर्गातल्या खुर्च्याही तशाच भरल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण साहेबांच्या बायका पंख्याखाली बसल्या आणि कामगारांच्या बायका भिंतीला टेकून. रेल्वेच्या लताकाकूंना तर प्लांटची ग्रेडच नाही, म्हणून त्या थेट दारापाशी.

मी विनंतीची वाक्यं घेतली. शेजारणीकडे पाणी मागा. भिंतीकडच्या सगळ्या जणींनी 'कुड यू प्लीज' लावून झकास वाक्यं केली. पंख्याखाली पहिल्या खुर्चीवर वानखेडे काकू होत्या, अध्यक्षांची बायको, हजेरीत सुमन. त्या म्हणाल्या, "वॉटर."

"काकू, पूर्ण वाक्य?"

"आमच्याकडे एवढंच म्हणतात," काकू शांतपणे म्हणाल्या. "पेपरमधून डोकं वर न काढता. मी पस्तीस वर्षं आणून देते."

पंख्याखाली कोणीच हसलं नाही. भिंतीकडे हसू आवरेना.

* * *

पुढच्या आठवड्यात कॅन आणि मस्ट. प्रत्येकीला चार-चार पानांच्या दोन वह्या दिल्या. एकीत, मी काय करू शकते. दुसरीत, मला काय करावंच लागतं. वीस मिनिटं दिली.

कॅनच्या वहीत बहुतेकींनी एकच वाक्य लिहिलं, 'आय कॅन कुक', आणि पेनचं टोक चावत बसल्या. मस्टचं पहिलं पान भरलं. मग मागचं, मग पुढचं. पाच वाजता उठलंच पाहिजे, जनरल शिफ्टचा डबा, बी शिफ्टचा डबा, सासूबाईंची गोळी, नणंदेचा फोन. वेळ संपली तरी कोणी मान वर करेना.

शेवटी एक जण म्हणाली, "मॅडम, मस्टची वही भरली. कॅनच्या वहीतली पानं घेऊ का? ते तं रिकामीच आहे."

* * *

मग काकांना वाटलं, शूड आपण शिकवावं. पाहुणे व्याख्याते म्हणून ते चाळीस मिनिटं बोलले. सुनेनं हळू बोललं पाहिजे. सुनेनं आधी विचारलं पाहिजे. सुनेनं मोबाईल कमी पाहिला पाहिजे. मी फळ्यापाशी खडू घेऊन उभी. काकांनी एक वाक्य टाकलं की ते मी लिहायचं, अशी व्यवस्था होती. तिसऱ्या वाक्यानंतर मी खडू ठेवला.

लताकाकूंनी हात वर केला. "साहेब, सासऱ्यानं काय केलं पाह्यजे?"

काका घड्याळ बघत म्हणाले, "ते पुढच्या कोर्समध्ये येईल."

* * *

मंडळाचे सचिव धोबळे काका. रिटायर्ड हेडक्लार्क. यांचा आवडता शूड माझ्या लग्नाचा. एका रविवारी ते नागपूरचं स्थळ घेऊन थेट घरीच आले. मुलाच्या वडिलांना माझ्या एमएचं कौतुक होतं, म्हणून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "कॅन यू कुक?"

"यस, आय कॅन."

ते खूश झाले. आई चहा आणायला उठली.

"बट आय वोन्ट," मी म्हटलं.

आई परत बसली. धोबळे काका घाईनं म्हणाले, "पोरगी गमतीदार आहे." मुलगा मात्र पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "मला येतो स्वयंपाक." त्याच्या वडिलांनी त्याला चहा यायच्या आत उठवलं.

* * *

कोर्स संपत आला तेव्हा धोबळे काकांनी सर्टिफिकेटसाठी फॉर्म वाटले. लहान मुलांच्या उन्हाळी शिबिरासाठी छापलेले होते, गठ्ठा उरला होता. त्यात एक रकाना होता, पालकाची सही.

"काका, हा रकाना खोडून देते."

"खोडायचा कशाला? नवऱ्याची घ्या, सासऱ्याची घ्या. मंडळाची पद्धत आहे."

पद्धत तेव्हा दहा मिनिटांची होती.

लताकाकूंच्या घरी फॉर्म तीन आठवडे फ्रिजवर पडून राहिला. त्यांचे मिस्टर रेल्वेत, स्वभावानं गरीब. नाही म्हणत नाहीत. म्हणतात, "बघू." लताकाकू मला म्हणाल्या, "मॅडम, तुमी माइट शिकवलं ना, होईल का नाही होईल, काही भरवसा नाही? आमच्या घरी त्याले बघू म्हणतात." दुर्गच्या शाळेनं मुलाखतीला सोमवारी बोलावलं होतं. येताना सर्टिफिकेट आणा, असं फोनवर दोनदा सांगितलं होतं.

* * *

शनिवारी संध्याकाळी मी अकरा फॉर्म आणि अकरा सर्टिफिकेटं घेऊन मंडळात गेले. माझ्या सह्या झाल्या होत्या, अध्यक्षांच्या व्हायच्या होत्या. टेबलापलीकडे वानखेडे काका आणि धोबळे काका. निकड लताकाकूंची, म्हणून त्यांचा फॉर्म आधी दिला.

वानखेडे काकांनी चष्मा लावला. "पालकाच्या जागी हिनं स्वतःचीच सही केली आहे."

"हो. दोन्ही पोरांच्या शाळेत पालक म्हणून त्याच सही करायच्या. तेव्हा चालली."

"इथे चालत नाही. नवीन फॉर्म दे, घरून सही आणू दे. पुढच्या बैठकीत बघू."

"मुलाखत परवा आहे, काका."

"नोकऱ्या काय संपून राहिल्या का?" धोबळे काका म्हणाले.

वानखेडे काकांनी समजुतीचा आवाज काढला. "हे बघ बेटा, उद्या तिच्या घरी महाभारत झालं तर नाव मंडळाचं येतं. आत्ताच फोन लाव आणि नीट समजावून सांग तिला."

"नाही सांगणार."

"म्हणजे?"

"फोन लावणार नाही, नवीन फॉर्मही देणार नाही. त्यांनी सहा महिने एकही दिवस चुकवला नाही. तुमची सही घेतल्याशिवाय मी इथून उठणार नाही."

"एकीसाठी पद्धत मोडायची?" काकांचा आवाज चढला. "बाकी दहा जणींनी गुपचूप आणल्याच ना सह्या?"

मी बाकीचे दहा फॉर्म टेबलावरून पुढे सरकवले. सगळ्यात वरचा धोबळे काकांनी उचलला, वाचला आणि वानखेडे काकांच्या हातात दिला. पालकाच्या रकान्यात बारीक, नेटक्या अक्षरात सही होती, सुमन वानखेडे.

काकांनी फॉर्म उलटा करून पाहिला. मागं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी तो पुन्हा सुलटा केला. धोबळे काका खिडकीकडे बघत होते.

मी पेनचं टोपण काढून पेन वानखेडे काकांपुढे, लताकाकूंच्या सर्टिफिकेटवर ठेवला.