बबनरावांचं फोल्डर

हे लिहावं की नाही, यावर बरेच दिवस घालवले. कारण इथे लोकांनी लिहिलेले असे गूढ अनुभव वाचताना मी आजवर मनातल्या मनात कारणंच शोधत आलेय — वायरिंग असेल, झोप झाली नसेल, ऐकण्यात चूक झाली असेल. माझं माहेर डिंभ्याचं. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच घरातले उतारे, नवस, अंगात येणं सगळं संपलं, आणि वडिलांनी आम्हा भावंडांना प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायची सवय लावली. त्यात नोकरी कॉम्प्युटरची. ओतूरच्या एका कॉलेजात मी लॅब सांभाळते. मशीन आपल्या मनाने काही करत नाही, हे मुलांना रोज सांगते. आणि तरीही...

आधी बबनरावांबद्दल सांगायला हवं. माझ्याआधी लॅब तेच बघायचे. मी आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. लिनक्स त्यांनीच शिकवलं. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून ते घाटघरकडच्या वाड्यांवर जायचे आणि तिथल्या शाळांच्या जुन्या रजिस्टरांचे पानापानाने फोटो काढून आणायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कसला प्रोजेक्ट नव्हता. कागद कुजतो, एवढंच म्हणायचे. ते फोटो त्यांच्या टेबलावरच्या जुन्या मशीनमध्ये असायचे. दोन वर्षांपूर्वी बबनराव हार्ट अटॅकने गेले, आणि त्याच महिन्यात त्या मशीनची हार्डडिस्कही गेली. पुण्याला रिकव्हरीला पाठवली. काही निघत नाही म्हणून परत आली. मशीन स्टोअररूममध्ये गेलं. डिस्क पाकिटात घालून मी माझ्या कपाटात ठेवली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मी लॅबची नवी मांडणी केली. पूर्वी सगळ्या मशीनवरची फोल्डरं सकाळपासून सर्व्हरला, म्हणजे लॅबच्या मुख्य मशीनला, जोडलेली असायची आणि एक मशीन बंद पडलं की बाकीची अडकून बसायची. म्हणून मी 'मागितलं तरच जोड' अशी व्यवस्था लावली. कुणी एखाद्या फोल्डरमध्ये शिरलं की सर्व्हर त्याच क्षणी ते जोडून देतो, आणि पाच मिनिटं कुणी वापरलं नाही की आपोआप सोडून देतो. त्यासाठी यादी लिहावी लागते — कुठलं फोल्डर कुठल्या मशीनवर आहे त्याची. जुन्या यादीतून ओळी उचलताना बबनरावांच्या मशीनची ओळही आली. ती काढायची होती. माझ्याच्याने काढवली नाही.

या ऑगस्टमधली गोष्ट. दुपारचे साडेतीन वाजले होते, प्रॅक्टिकल संपवून मुलं गेली होती. लक्ष्मण नावाचे एक गृहस्थ मुलीला घेऊन लॅबमध्ये आले. घाटघरजवळच्या वाडीवरचे. मुलीचं नाव सारिका. तिचा नर्सिंगला नंबर लागला होता, पण जमातीच्या पडताळणीसाठी आजोबांची शाळेतली जुनी नोंद हवी होती, आणि मुदत सोमवारी संपत होती. शाळेतलं ते रजिस्टर छपराच्या गळतीत भिजून त्याचा लगदा झाला होता.

"बबनभाऊंनी त्याचं फोटू काढून नेलं व्हतं," लक्ष्मणभाऊ म्हणाले. "मी सोता पानं उलटून दिली व्हती, मॅडम. कालिजात असतील म्हणून आलो."

मी त्यांना डिस्कची हकिगत सांगितली. पाकिटातून काढून ती टेबलावर ठेवली, दाखवली. सारिका मांडीवरची प्लॅस्टिकची फाइल नुसती सरळ करत राहिली. दोन एसट्या बदलून आलेली माणसं, त्यांना तोंडी 'नाही' म्हणणं जिवावर आलं. म्हटलं, स्क्रीनवरच दाखवते, म्हणजे त्यांची खात्री पटेल. मी फोल्डरचं नाव टाइप करून एंटर दाबलं. मशीनच नाही म्हटल्यावर सर्व्हर थोडा वेळ शोधणार आणि 'असं फोल्डर नाही' म्हणून सांगणार, हे मला पाठ होतं.

थोडा वेळ गेला. मग फोल्डर उघडलं.

आधी वाटलं, मीच चुकीच्या ठिकाणी शिरले. नाव पुन्हा वाचलं. बरोबर होतं. आतली यादी मागितली तर वाड्यांची नावं एकाखाली एक आली. अकरा वाड्या.

लक्ष्मणभाऊंच्या वाडीचं नाव उघडलं. पिवळी पडलेली पानं, शाईचं वळणदार अक्षर, आणि प्रत्येक पानाच्या कडेला ते दाबून धरणारा एक अंगठा. नखावर उभी चीर. तो अंगठा मी आठ वर्षं शेजारच्या कीबोर्डवर पाहिला होता. माझे डोळे भरून आले, पण हात थांबवला नाही. पान सरकवत गेले. शेवटी सारिकाच पुढे वाकली आणि तिने हळू आवाजात आजोबांची नोंद वाचली — धोंडू, बापाचं नाव, वाडी, जात महादेव कोळी. लक्ष्मणभाऊंनी हात पँटला पुसला आणि स्क्रीनवरच्या त्या नावाला बोट लावलं.

प्रिंट काढली. मग लक्षात आलं, बाकीच्या दहा वाड्याही इथेच आहेत. आत वावर चालू असेपर्यंत फोल्डर सुटत नाही, म्हणून मी जागची हलले नाही आणि सगळं सर्व्हरवर कॉपी करायला लावलं. त्यांच्या एसटीची वेळ होत होती. तुम्ही निघा, म्हटलं, तर लक्ष्मणभाऊ म्हणाले, "आमी बसतो. तुमी एकल्या कशाला..." चाळीस मिनिटं आम्ही तिघं स्क्रीनवर पुढे सरकणारे आकडे बघत बसलो. शेवटची वाडी पूर्ण झाली तेव्हा मी बबनरावांचं नाव घेऊन "झालं, आभारी आहे" म्हणाले, मोठ्याने, आणि फोल्डरमधून बाहेर पडले.

पाच मिनिटांनी ते सुटलं. मी पुन्हा उघडून पाहिलं — बराच वेळ शोध, आणि मग 'असं फोल्डर नाही'. त्यानंतर किती वेळा पाहिलं असेल, सांगता येत नाही. प्रत्येक वेळी तेच. कॉपी केलेले फोटो मात्र जागेवर आहेत.

स्टोअररूम उघडून पाहिली. मशीनला वीज नव्हती, नेटवर्कची केबल नव्हती, डिस्कची जागा रिकामी. डिस्क तर सगळा वेळ आमच्यासमोर टेबलावर पडलेली. सर्व्हरच्या नोंदीत जोडल्याची वेळ आहे, सोडल्याची वेळ आहे, आणि नेटवर्कवरचा पत्ता बबनरावांच्याच मशीनचा आहे. नेटवर्कवाल्या इंजिनिअरने सगळी लॅब तपासली. तो पत्ता दुसऱ्या कुठल्याच मशीनला दिलेला नव्हता. प्राचार्यांचं म्हणणं, मी पूर्वी कधीतरी कॉपी करून ठेवली असेल आणि विसरले असेन. असती तर मी डिस्क पुण्याला पाठवली कशाला असती?

सारिकाची पडताळणी झाली, तिचं ट्रेनिंग सुरू झालं. बाकी वाड्यांची पानं छापून मी त्या त्या शाळेत नेऊन दिली. तीन-चार घरची मुलं आत्तापर्यंत त्यावर दाखले काढून गेली.

परवा बबनरावांच्या घरी गेले. काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सगळं सांगितलं. डिस्क, पत्ता, नोंदी यातलं त्यांना काही विचारायचं नव्हतं. पोरीचं काम झालं का, एवढंच विचारलं. झालं म्हटल्यावर चहाचा कप माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "कुनी दारात आलं की जेवत्या ताटावरनं उठायचे गं ते. न्हाई म्हनता यायचं न्हाई त्यांना."

त्या दुपारी नक्की काय झालं, ते मला आजही माहीत नाही. कुणाला कारण सापडलं तर जरूर सांगा, मी वाचीन. पण मी स्वतः आता शोधत नाही. त्या माणसाचे आभार मानायचे राहून गेले होते, ते मला मानता आले.