वायरमनकाकांचं अजून थोडं राहिलंय

नगरपालिकेच्या संगणक विभागात ती एकटीच होती. खुर्च्या दोन, पण दुसरीवर प्रिंटर बसलेला. माणूस निवृत्त झाला की कामाची माहितीही त्याच्याबरोबर घरी जाते, हे साहेबांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हिला कामाला लावलं. एकेकाच्या घरी जायचं, बोलणं रेकॉर्ड करायचं आणि संगणकातल्या शहराच्या नकाशावर त्या त्या जागी जोडायचं. नव्या माणसाने नकाशातल्या दिव्याच्या खांबावर बोट ठेवलं की जुना माणूस बोलू लागणार. ऑफिसात तिचं नाव ‘टेपबाई’ पडलं.

दिवाबत्ती विभागातले वायरमनकाका तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. बायको वारलेली, मुलगा परगावी. कुठल्या पेटीवर कुठली गल्ली पेटते, ते त्यांनी दोन बैठकांत धडाधड सांगून टाकलं. ती निघाली तसे दाराशी येऊन म्हणाले, “अजून एक राहिलंच की!”

मग फोन सुरू झाले. “ताई, नाल्याकडचा खांब आठवला. येता का?” ती गेली की खांब दोन वाक्यांत उरकायचा आणि गाडी बायकोच्या आजारपणावर यायची. पुढे पुढे काका मनचेच खांब सांगू लागले. एक तर त्यांनी थेट तलावाच्या मधोमध रोवला. तिने मशीन चालूच ठेवलं.

“काकांचं अजून संपत नाही?” साहेबांनी विचारलं.

“थोडं राहिलंय.”

“पुरे आता. पुढचा माणूस घ्या.”

त्या रविवारी ती तशीच गेली. काकांनी रिकाम्या टेबलाकडे पाहिलं. “मशीन विसरलात?”

“आणलंच नाही.”

काका ओशाळले. “म्हणजे कळलं तर.”

“तलावातच कळलं, काका.”

ते इतके हसले की ठसका लागला. मग म्हणाले, “आज तुम्ही बोला. घरी कोण कोण असतं?”

“कोणी नाही,” ती म्हणाली. हे तिने मोठ्यांदा कधी म्हटलंच नव्हतं. मग आईचं शेवटचं वर्ष सांगितलं, नुसता आवाज असावा म्हणून टीव्ही चालू ठेवते तेही सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

काही महिन्यांनी मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. सुरुवातीला फोन यायचे, मग तेही विरळ झाले.

एक दिवस नवा वायरमन तिच्या टेबलाशी आला. “मॅडम, नकाशा झकास चालतो. फक्त काका मध्येच ‘चहा टाकू का’ विचारतात, तेवढं काढून टाका.”

“राहू दे ते.”

तो खांदे उडवून गेला. तिने पुढच्या निवृत्त बाईंना फोन लावला.

“मला काही आठवत नाही हो, उगाच येऊ नका,” म्हणत त्यांनी फोन ठेवला.

“बरं,” ती म्हणाली, आणि रिसीव्हर तसाच कानाशी धरून बसली.